दुसरा चिमटा

१७ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली आणि पहिल्याच दिवशी मीटिंग. मोठ्या बाईंचं (मुख्याध्यापिका, यापुढे मो. बाई, लिहून हात दुखतो) म्हणणं, इतिहासात "उपक्रम दिसत नाहीत". दिसत नाहीत म्हणजे फोटो नाहीत. आता प्रत्येक धड्याला एक उपक्रम, त्याचे फोटो आणि वर अहवाल. म्हटलं, बाई, माझ्याकडे मतदार याद्यांचं कामही आहे. "ते सगळ्यांनाच आहे हो." खरंय. काय बोलणार?

शाळा सुटल्यावर भटवाडीच्या चढावर याद्या घेऊन फिरले. निम्मी दारं बंद. उरलेली उघडतात आणि मलाच विचारतात, "कशाला हवंय?" गुडघा बोलायला लागलाय.

घरी कुलपात किल्ली फिरायच्या आत आबाची (माझे वडील) हाक: "बाय, चाय ठेव." शाळेत बाई, घरी बाय. अक्षराचा फरक, बाकी ड्युटी तीच. पिशवीसुद्धा खाली न ठेवता चहा टाकला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

९ ब. धडा आर्थिक विकास. पंचवार्षिक योजना शिकवत होते तर ओंकार चक्क घोरला. वर्ग हसला. मला राग यायला हवा होता, हेवा वाटला.

या धड्यातून उपक्रम काय काढायचा? नाट्यीकरण? योजना आयोगाचं नाट्यीकरण. देवा.

संध्याकाळी कपडे वाळत घालताना सुचलं. दोरी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दाराच्या कडीपासून खिडकीच्या गजापर्यंत दोरी बांधली. दाराशी १९४७, खिडकीशी आज. घटनांची लांब कार्डं, मुलांनी जागा शोधून टांगायची. नियम एकच: प्रत्येक कार्डाला दोन चिमटे. डावीकडे हिरवा, सुरुवात. उजवीकडे लाल, शेवट. कार्डाच्या लांबीवरून कळतं कुठली गोष्ट किती चालली.

कस्तुरी (पहिला बाक, तोंडाने फटकळ): "बाई, हे कपडे वाळत घातल्यासारखं दिसतंय."

"वाळू दे."

पण जमलं! पहिली योजना कुठे, आणीबाणी कुठे, यावरून भांडले. बाकावर चढले. ओंकार जागा होता. साळवी सर दारातून, "बाई, एवढी मजा चाललीच आहे तर पुढचा तास भूमितीला द्या ना, राहिलंय फार." दरवर्षी देते. या वेळी नाही म्हटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

फार वाईट झालं. नीट लिहून ठेवते.

उरलेली कार्डं घरी आणली होती. आबाला कात्री दिली. त्याचा हात अजून सरळ चालतो, गिरणीच्या साचेखात्यात अर्धं आयुष्य कापड विणण्यात गेलं ना. मी लिहायची, तो कापायचा. रेडिओ चालू. बरं चाललं होतं.

मग "गिरणी कामगारांचा संप" हे कार्ड आलं. डावीकडे जानेवारी १९८२ लिहिलेलं. उजवीकडे मी १९८३ लिहिलं होतं.

त्याने भिंग लावून वाचलं. कात्री खाली ठेवली.

"ह्या कोणी लिवल्यान?"

"मीच."

"संप संपलो? कोणी सांगल्यान तुका?"

म्हटलं, आबा, साधारण तेव्हाच ना, सगळे हळूहळू कामावर गेले...

"गेले ते गेले. संप मागे कोणी घेतल्यान? खंयच्या मैदानात? तू शिकयतस काय पोरांका?"

मीही थकलेली. म्हणून गेले, "आबा, शेवट काहीतरी लिहावाच लागतो. मुलांना परीक्षा असते."

"माका इचारलंस?" म्हणाला, आणि उठून भिंतीकडे तोंड करून झोपला. जेवायला हाक मारली, उठला नाही. मग स्वतःच उठून भात वाढून घेतला, मी भांडी घासत असताना, माझ्याकडे न बघता.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कुलूप उघडलं. हाक नाही. आबाने स्वतःचा चहा स्वतः केलेला, कप धुऊन पालथा घातलेला. मला काही सांगायचं असलं की भिंतीला सांगतो. "दूध इलाहा." भिंतीला काय करायचंय दुधाचं.

आबा संपावर गेलाय. हसू यायला हवं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

१९८३ तसंच ठेवून कार्ड टांगलं. मुद्दाम. इतिहास मी शिकवते की तो? शेवट नसेल तर रिकाम्या जागा कशा भरायच्या, जोड्या कशा लावायच्या? मुलांनी वहीत उतरवून घेतलं. मो. बाई येऊन फोटो काढून गेल्या. "छान. असं पाहिजे." दिवसभर कुणीतरी छान म्हणायची वाट बघत होते, आणि म्हटल्यावर काहीच वाटलं नाही.

घरी परत भिंत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पोहे केले, त्याच्या आवडीचे, वर भरपूर खोबरं. खाल्ले. बोलला नाही. शेवटी समोर जाऊन बसले. "आबा, संपावर आहेस ना? मग मागण्या सांग."

खिडकीबाहेर मेट्रोचे खांब बघत बसला. मग, भिंतीलाच: "पोरांका खरा सांगूचा."

"खरं काय, ते तरी सांग."

नाही सांगितलं. पांघरूण ओढून घेतलं.

संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते, लालबागला. आठवतं ते एवढंच की आबा दुपारी घरी असायचा आणि आम्हाला मज्जा वाटायची. नंतर आम्ही घाटकोपरला आलो आणि त्याला इथल्या एका सोसायटीत वॉचमनचं काम लागलं. म्हातारपणापर्यंत तिथेच. पण पाहुण्यांनी विचारलं, काय करता, की सांगायचा, "गिरणीत आसंय. सध्या हयसर बसतंय."

सध्या. आई चिडायची. अहो, दहा वर्षं झाली, सध्या काय? मीही हसायचे. कॉलेजात असताना मैत्रिणींना त्याची नक्कल करून दाखवायचे.

आज भांडी घासताना तो शब्द एकदम कानात आला. संप मागे घेतलाच नाही तर तो अजून गिरणीतलाच माणूस. फक्त कामावर गेलेला नाही. आणि मी त्याच्यासमोर बसून, त्याच्याकडूनच कार्ड कापून घेऊन, लाल चिमटा लावला.

त्याला ऐंशी पार झालीत. उद्या काही झालं तर आमच्यातलं शेवटचं बोलणं "माका इचारलंस?" हे राहील. मला भीती वाटते. लिहिताना अजूनच वाटते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

शाळा सकाळची. जाऊन सांगून टाकायचं ठरवलं होतं. तासाला वर्गात गेले आणि पंचवार्षिक योजनांची उजळणी घेतली. धीर झाला नाही. चुकलं म्हणायला मला काही वाटत नाही, रोज काहीतरी चुकतंच. पण चुकलं म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग बरोबर काय, आणि ते मला ठाऊक नाही.

१ डिसेंबर, सोमवार

सांगितलं.

वर्गात जाऊन संपाच्या कार्डाचा लाल चिमटा काढला, १९८३ वर कोरी पट्टी चिकटवली. एका चिमट्यावर कार्ड तिरकं झालं. पंखा चालू होता, गोल गोल फिरायला लागलं.

म्हटलं, १९८३ खोडा. हा संप कुणी मागे घेतल्याचं जाहीर झालं नाही. लोक थकून, घाबरून, पोटासाठी एकेक करत परत गेले, कित्येकांना परत घेतलंच नाही. पण संप संपला असं म्हणणारं कुणी उभं राहिलं नाही. मी न विचारता शेवट लिहिला.

कस्तुरी: "म्हणजे तुम्ही चुकीचं शिकवलंत?"

"अर्धं."

"अर्धं चुकीचं म्हणजे चुकीचंच ना बाई."

"हो. चुकीचं."

मग जे सुरू झालं! मी काही आखलं नव्हतं, खडूसुद्धा हातात नव्हता.

ओंकार म्हणे, गिरण्याच नाहीत आता, टॉवर आहेत तिथे, मग संप कुणाविरुद्ध? संपलाच. मागून कुणीतरी, मॅच अर्धवट सोडून एक टीम घरी गेली तर? दुसरी जिंकली ना यार! कस्तुरी उभीच राहिली. "माझी मम्मी आणि आत्या गणपतीपासून बोलत नाहीत. कुणी जाहीर केलंय का? नाही. पण चालू आहे ना!" अख्खा वर्ग खिदळला. मी पण. मग तीच म्हणाली, जरा हळू, "जे लोक बसले होते त्यांनी मागे घेतला नाही, तर लाल चिमटा लावायचा हक्क कुणाला? आपल्याला?"

कार्ड अजून फिरतच होतं.

ओंकार: "पण बाई, परीक्षेत काय लिहायचं?"

"हा प्रश्न मी विचारणारच नाही."

"घाबरलात ना?"

"घाबरले."

घंटा झाली तरी उठेनात. वीस-पंचवीस वर्षं शिकवतेय, असा तास हातावर मोजण्याइतका. आणि तो माझ्या चुकीतून यावा. असो. मधल्या सुट्टीत डोकं टेकलं ते टेबलावर झोपच लागली. साळवी सरांनी उठवलं.

घरी सांगितलं आबाला. भाजी निवडत होता. मान वर केली नाही. मी सांगत राहिले, कस्तुरी काय म्हणाली, मम्मी आणि आत्याचं पण. देठ मोडता मोडता एकदा हात थांबलासा वाटला. बोलला मात्र नाही.

मागणी मान्य केली ना मी? मग?

३ डिसेंबर, बुधवार

मो. बाई अहवालासाठी पुन्हा फोटो काढायला आल्या. "अहो, हे एक कार्ड लोंबतंय. चिमटा पडला का?"

"नाही, काढलाय."

"का?"

सांगितलं थोडक्यात. ऐकून घेतलं त्यांनी, त्याही दमलेल्या असतात. "बरोबर असेल तुमचं. पण फोटोत वाईट दिसतं हो. वरचे लोक म्हणतील काम अर्धवट. फोटोपुरता लावा, मग काढा."

फोटोपुरता. हात चिमट्याकडे गेलासुद्धा. सवय. मग म्हटलं, नाही बाई, असाच काढा. त्यांनी कपाळाला हात लावला आणि काढला. पंखा बंद करायला लावला तेवढा, कार्ड हलत होतं म्हणून.

मीही माझ्या फोनवर एक काढला. लाल चिमटा पर्समध्ये टाकला, मुलांनी खेळायला घेतला असता.

घरी आबासमोर फोन धरला. त्याने घेतला, भिंग लावून बघत बसला. फोनवर भिंग! बोटांनी मोठं करता येतं म्हणून सांगणार होते, गप्प राहिले. ओठ हलवत वाचलं. डावीकडची तारीख. मग उजवीकडची कोरी जागा. तिथे बराच वेळ.

"दुसरो चिमटो खंय?"

मला विचारलं. भिंतीला नाही.

पर्समधून काढून दिला. उलटसुलट केला, दाबून बघितला आणि उशीखाली ठेवला. फोन परत दिला. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडून उभी राहिले. रडू आलं, लिहायला काय हरकत आहे.

४ डिसेंबर, गुरुवार

आज पुन्हा याद्या. पाय उचलत नव्हते. कस्तुरीने जाता जाता विचारलं, "बाई, त्या संपातलं कुणी ओळखीचं आहे का तुमच्या? आणा ना वर्गात, आम्ही विचारतो." म्हटलं, विचारून सांगते. या वेळी आधी विचारून.

विचारायचं कसं, हाच विचार करत जिना चढले. तीन मजले त्याला उतरवायचं, रिक्षा, शाळेचे जिने. आणि येईल का? आला आणि मुलांनी तोंडावर विचारलं, आजोबा, मग तुम्ही आता कोण? तर काय सांगेल?

किल्ली फिरवली. हाक नाही. चप्पल काढली, पिशवी ठेवली, ओट्याशी गेले. चहा पावडरचं पाकीट नेहमी नुसतं दुमडून ठेवलेलं असतं. आज त्याला लाल चिमटा.

मागून आवाज आला.

"बाय, चाय ठेव."

वळले. दारात उभा, काठीवर. बोट माझ्याकडे रोखलेलं.

"संप मागे घेवक नाय हां मी. चायपुरतो थांबयलंय."

मी चिमटा काढला.