बिनबोलाची जिलेबी

तिसगाव, ११ जानेवारी १९७१

चि. सौ. रतन हिस आबांचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला, पोरी, रागावू नकोस. तुझे अर्धे डोके दुखते हे वाचले आणि औषध हाती लागेपर्यंत लिहायचे काय, म्हणून चार जणांना विचारत हिंडलो. सकाळी उठल्यापासून ठणकते, उजवा डोळा गळतो, आणि सासूबाई म्हणतात की भाकरी थापायच्या वेळीच बरे दुखते. हे वाचल्यापासून मला घास गोड लागत नाही. तू सोंग करणारी नाहीस हे मला ठाऊक आहे. त्यांना कसे असावे? तू त्या घरात अजून नवी.

तुझी आई सांगते की सुंठ उगाळून कपाळाला लेप दे. पातळ दे, जाड लेपाने कातडी भाजते. डोळ्यात जाऊ देऊ नकोस. रात्री धने भिजत घाल आणि सकाळी ते पाणी पी.

खरा उपाय मात्र बाजारातल्या फक्रुद्दीन हलवायाने सांगितला. अर्धशिशीला सूर्य उगवायच्या आत दुधात भिजवलेली जिलेबी खायची. नियम असा, की घरातल्या सर्वांत मोठ्या बाईने ती आपल्या हाताने भरवायची आणि सूर्य वर येईपर्यंत दोघींनी समोरासमोर बसून एक शब्द बोलायचा नाही. शब्द गेला की गुण गेला. जावईबापूंनी हे पत्र घरात मोठ्याने वाचावे.

आईची माया आणि माझी काळजी, दोन्ही पोचल्याचे कळव.

तुझा आबा, गोरक्षनाथ

कोपरगाव, २४ जानेवारी १९७१

गोरक्षनाथ व्याह्यांस साळूबाईचा सा. न. वि. वि.

मी सांगते आहे आणि तुमचा जावई बन्सी लिहितो आहे. त्याने पदरचे काही घातले तर मला कळायचे नाही, तेवढे सांभाळून वाचावे.

तुमची जिलेबी मला नवी न्हाई. माझी आईसुद्धा द्यायची. पण भरवताना ती अखंड बोलायची, तरी गुण यायचा. न बोलण्याचे कलम हलवायाचे नव्हे, तुमचे दिसते. माझे तोंड या घरात कुणाला बंद करता आले नाही, ते तुम्ही तिसगावात बसून केलेत. तरी म्हटले, व्याह्यांचा मान राखू.

पहाटे पोरीला समोर बसवले. बोलायचे नव्हते, म्हणून नुसती बघत राहिले. तिला कंदिलाकडे बघवेना. घास घेताना डोळ्यातून धार लागली, पण हूं की चूं नाही. सोंग असे नसते, व्याही. ओठ दाबून बसले खरी, पण सूर्य वर आला तसे आधी हेच सांगितले, की जाऊन नीज, भाकरी मी थापते.

मग विचारल्यावर कळले, ही पहाटेपासून उपाशीपोटी चूल फुंकते आणि सगळ्यांच्या मागून खाते. आता आधी दूध-भाकरी, मग चूल. दवाखान्यातही दाखवून आणले, भिण्यासारखे काही नाही. दुखणे लई उतरले आहे. मात्र बन्सीच्या बाबांचे डोके आता रोज पहाटे धरते आणि जिलेबीच मागते. त्यांना सुंठ लावली.

रंगुबाई विहीणबाईंना नमस्कार. लोभ आहेच, तो जिलेबीसारखा मुरू द्यावा.

साळूबाई

तिसगाव, ४ फेब्रुवारी १९७१

सौ. साळूबाई विहीणबाईंस गोरक्षनाथाचा सा. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचून मी ओट्यावरच बसलो. रंगुबाईला वाटले काही वाईट बातमी आहे. मग तिलाही वाचून दाखवले, तर ती हसता हसता पदराने डोळे पुसू लागली.

फक्रुद्दीनला पुन्हा विचारले. न बोलण्याचे आपण काही सांगितल्याचे त्याला आठवत नाही म्हणतो. त्याचेही आता वय झाले.

तुम्ही रागावाल या धास्तीने मधल्या दिवसांत माझेच डोके धरले होते. रंगुबाईने सुंठेचा लेप असा जाड थापला की कपाळाचे सालटे निघाले. मग मी जिलेबी मागितली. रंगुबाई भरवायला तयार झाली, पण माझ्याच नियमाने. इतकी शांत पहाट लग्नापासून पाहिली नव्हती, असे ती आता शेजारीपाजारी सांगत फिरते.

पण सूर्य उगवायच्या आतच माझ्या तोंडून गेले, की आज कोपरगावचे टपाल येईल का. शब्द गेला, गुणही गेला. आता रतनच्या डोक्याची पुढची खुशाली कळल्याखेरीज माझे उतरणार नाही. तेव्हा तुम्ही मनसोक्त बोला, बन्सीला लिहू द्या, आणि चार ओळी लवकर पाठवा.

आपला व्याही, गोरक्षनाथ