नदीच्या वळणावरच्या लाल टिकल्या

प्रिय आर्मांदादा,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. गुडघे वाकत नाहीत, तेव्हा उभ्याउभ्याच केला आहे; गोड मानून घे. तुझा खोकला, तुझ्या कोंबड्या आणि तुझा हट्ट, सगळ्यांच्या प्रकृती कळव. (हट्टाची ठणठणीत असणार.)

मंगळवारी चर्चच्या तळघरात सरकारी सभा झाली. पूर, वादळ, बर्फ यांतून माणसं कशी वाचवायची याचा आराखडा आपलं राज्य दर पाच वर्षांनी नव्याने लिहितं. यंदा म्हणे आमच्यासारख्यांनाही विचारणार होते. मी आपली ओडेटच्या डोनटसाठी गेले. राजधानीतून, माँटपेलियरहून आलेल्या चष्मेवाल्या बाईंनी भिंतभर नकाशा लावला होता. खोलीत ऊब, पोटात मेपलचा पाक. माझे डोळे जडावले आणि नकाशातली निळी नदी हळूच भिंतीवरून उतरली. संध्याकाळी गोठ्याकडे परतणाऱ्या गाईसारखी, कुणाला धक्का न लावता, खुर्च्यांमधून चालत निघाली. तिच्या पाठीवर आईचं शिवणयंत्र होतं, तुझं पिवळं होडकं होतं, आणि मागून तू, खिडकीत बसून पाइप ओढत. मी हाक मारली, तर म्हणालास, "घाबरतेस काय गं, दुसऱ्या पायरीपर्यंतच येते ती." (गेल्या जुलैच्या पुरात खरोखर हेच म्हणाला होतास. मग तुला माळ्याच्या खिडकीतून ओढून काढावं लागलं. तुझा फ्रिज अजून थिबोंच्या मक्यात उभा आहे. कावळे बसतात त्यावर.)

बाईंनी खांदा हलवून जागं केलं आणि हातावर तीन लाल टिकल्या ठेवल्या. "आजी, नकाशावर जिथे धोका वाटतो तिथे लावायच्या."

आता आपल्या गावाचा स्वभाव तुला ठाऊक. आपल्या घराला धोका आहे म्हणणं म्हणजे चारचौघांत हात पसरणं. रोलांचं तळघर वर्षातून दोनदा भरतं, तो म्हणे, "आमचं काय, जरासा ओलावा येतो." मर्सेडीसच्या छपरावर अख्खं झाड पडलंय, ती म्हणे, "टेकलंय बिचारं, थकलं असेल." लग्नात आहेर द्यायला उभे राहावेत तसे सगळे टिकल्या घेऊन रांगेत, आणि स्वतःच्या घरावर एकानेही लावली नाही! मीच काय ती धीट. तिन्ही माझ्या घरावर लावल्या (टेकडीवर असलं म्हणून काय झालं?), उरलेला डोनट रुमालात बांधला आणि घरी आले.

बाकी सगळं छान. थंडीत कानटोपी घालत जा.

तुझी,
लुसिएन

ता. क. – त्या बाई गुरुवारी सकाळी दहाला तुझ्याकडे येतील. पुराच्या वाटेतली घरं सरकारने विकत घ्यायची आणि माणसांना उंचावर न्यायचं, अशी सोय आराखड्यात आहे. यादीत नाव घालायला तुझा होकार लागतो. कुत्रा बांधून ठेव, कॉफी दे आणि आयुष्यात एकदा 'हो' म्हण. माझी वरची खोली रंगवून झाली आहे. तिथून नदी अख्खी दिसते, लांबून. कोंबड्यांसकट ये.

आणखी एक – बाईंना पत्ता कुणी दिला म्हणून माझ्यावर डाफरशील, म्हणून सांगते. टिकल्यांचं मी खोटं लिहिलं. नदीच्या वळणावरच्या तुझ्या घरावर लावायला गेले, तर तिथे जागाच नव्हती. रोलां, मर्सेडीस, ओडेट, थिबो, सगळ्यांनी एकमेकांशी अवाक्षर न बोलता आपापल्या टिकल्या तिथेच चिकटवल्या होत्या. माझ्या तिन्ही मी त्यांच्यावरच दाबून बसवल्या. बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "अहो, या वळणावर आहे तरी काय एवढं?"

रोलां म्हणाला, "आर्मां आहे."