आठ आठवड्यांची चिठ्ठी

अहो,

रागातच लिहिते आहे, हे आधी सांगून ठेवते. तुम्ही जाऊन आठ महिने झाले. या आठ महिन्यांत तुमच्याविषयी एक वावगा शब्द काढला नाही. फोटो पुसला, हार बदलला, गप्प बसले. आज नाही बसणार.

हैदराबादच्या कोठी भागात, एका लॅबच्या बाकावर बसून हे लिहिते आहे. शेजारी तुमचा धाकटा भाऊ दंडावर कापूस दाबून बसला आहे. भावजींचं रक्त घेतलं, रिपोर्टला दोन तास लागतील म्हणाले. सकाळपासून त्यांची पाण्याची तिसरी बाटली चालू आहे. ओळखीचं वाटतंय ना?

काल सिकंदराबादला त्यांच्या घरी गेले होते. गप्पा मारता मारता भावजी चारदा पाण्याला उठले. मी विचारलं, "साखर तपासली का?"

"तपासली, वहिनी. साखर नाही. ऊन वाढलंय, दुसरं काय!"

त्यांची बायको मीना स्वयंपाकघरातून म्हणाली, "जेवण नको म्हणतात, पोट साफ होत नाही. आणि चिडचिड विचारू नका! परवा मोरीच्या बादलीवर ओरडत होते."

तहान, नकोसं जेवण, पोट, चिडचिड. हीच यादी याच क्रमानं मी आपल्या घरात पाहिली होती. उठले, सरळ आत गेले. फ्रिजच्या दारावर लोहचुंबकानं लावलेली, डॉक्टरांनी तुम्हाला दिलेली औषधांची चिठ्ठी! लॅमिनेट केलेली. वर तुमच्या टपोऱ्या अक्षरात 'रोगप्रतिकारशक्ती – सर्वांसाठी'.

सर्वांसाठी? ती चिठ्ठी एका माणसासाठी होती, तीही आठ आठवड्यांसाठी!

डॉक्टरांचं काहीही चुकलं नव्हतं. कोरोनाच्या वर्षी तुमचं रक्त तपासलं, तर ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं. जाणारच! उभी नोकरी रेल्वेच्या रेकॉर्ड रूममध्ये, खिडकी नसलेल्या खोलीत. ऊन म्हणजे काय, ते फक्त तुमच्या फायलींना माहीत, तेही वर्षातून एकदा वाळत घातल्यावर. डॉक्टरांनी लिहिलं: आठवड्याला ड जीवनसत्त्वाच्या पावडरीचं एक पाकीट दुधातून, आठ आठवडे. झिंकची आणि कॅल्शियमची गोळी पंधरा दिवस. नंतर रक्त तपासून दाखवा. तुमचे गुडघे दुखायचे थांबले, जिना चढायला लागलात. औषध खरंच लागू पडलं होतं. तिथेच थांबायचं होतं!

पण तुम्ही चिठ्ठी लॅमिनेट केलीत. आठ आठवड्यांच्या कागदाला जन्मभराचं आवरण कशाला? मी विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, "मागचा आदेश रद्द होत नाही तोवर लागूच असतो." तोवर डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे बंगळूरला गेले होते. तुम्ही हसत म्हणालात, "आता रद्द कोण करणार? सक्षम अधिकारीच बदलून गेला!"

मीही हसले होते. ते हसणं मला अजून बोचतं.

दुसऱ्या लाटेत शेजारचे रेड्डीगारू गेले आणि तुम्ही घाबरलात. कबूल मात्र केलं नाहीत. रविवारच्या पाकिटाला बुधवारचं जोडलंत. पुढे एक दिवसाआड. वर विनोद, "संकटकाळात अतिरिक्त प्रभार." कोणी मंजूर केला? तुम्हीच! रोजचं झिंक आणि कॅल्शियम चालूच. चार वर्षं!

दूध कोण ढवळत होतं? मी. तीस वर्षं मराठी शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. दरवर्षी फळ्यावर लिहायची: ब आणि क पाण्यात विरघळतात, जास्तीची बाहेर पडतात. अ, ड, ई, के मेदात विरघळतात, शरीरात साठून राहतात. मुलांनी उत्तर चुकवलं की दहा वेळा लिहायला लावायची. मला दहा वेळा कोण लिहायला लावणार होतं?

त्या औषधवाल्याचाही जीव घ्यावासा वाटतो. तुम्ही गेल्यावर त्याच्याकडे गेले, चिठ्ठीवरच्या तारखेवर बोट ठेवलं. तर म्हणतो, "तारीख कौन देखता अम्मा? साब का कागज पक्का था. बरसात में भी नहीं भीगा."

आणि तुमच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यात भेटलेली ती डॉक्टर मुलगी. "अम्मा, ये पाकीट हफ्ते में कितने?" मी सांगितलं. तिचं पेन थांबलं. मग तिनं शांतपणे समजावलं. ड वाढलं, त्यानं रक्तात कॅल्शियम वाढलं, त्यानं मूत्रपिंडं बसली. झिंक, म्हणजे जस्त, फार दिवस घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, तुमच्या पायांतल्या मुंग्या त्यामुळेही असतील. मुंग्यांवर तुम्ही काय घेत होतात? आणखी एक झिंक! ताकद येते म्हणून!

हे सगळं मला आठ महिने माहीत आहे. लोकांना मी काय सांगितलं? "किडनी गेली." एवढंच. तुमचं हसं होऊ नये म्हणून. खरं सांगते, माझंही होऊ नये म्हणून.

कारण त्या चिठ्ठीवर 'सर्वांसाठी' तुम्ही लिहिलंत, पण ती वाटली मी. संक्रांतीचं हळदीकुंकू आठवा. तुम्ही म्हणालात, "प्लॅस्टिकचे डबे काय वाटता? काहीतरी कामाचं वाटा." नऊ प्रती तुम्ही लॅमिनेट करून आणल्यात. मी नऊ जणींच्या ओटीत तिळगुळासोबत घातल्या, वर झिंकची एकेक पट्टी. सगळ्या म्हणाल्या, "बाईंचं वाण म्हणजे शास्त्रोक्त!" त्यातलंच एक काल मीनाच्या फ्रिजवर होतं.

मी ते ओढून काढलं तर भावजी मध्ये आले. "वहिनी, नक्को. दादाच्या हातचं आहे ते."

"म्हणूनच काढते आहे."

"दादा कधी चुकला का? साऱ्या ऑफिसात नाव होतं त्याचं."

"चुकला! म्हणून गेला!"

बोलून गेले. मग खाली बसले आणि सगळं सांगितलं. पाकिटं, दूध, डॉक्टर मुलीचं थांबलेलं पेन. भावजींनी चिठ्ठीवरची तारीख वाचली. मग इतकंच म्हणाले, "हे आठ महिन्यांपूर्वी का नाही सांगितलंत?"

अहो, ऐकलंत? तुमची अब्रू झाकायला गेले आणि तुमच्या भावाचा घसा कोरडा पडला. तुमच्यावरचा निम्मा राग खरं तर माझ्यावरचाच आहे, पण तो तुम्हीच ऐकून घ्यायचा. चार वर्षं मी तुमचं ऐकलं.

आत्ता भावजी विचारत होते, "कोणाला लिहिताय?"

"तुमच्या दादाला."

"माझा नमस्कार लिहा. आणि लिहा, की त्याचं पाकीट आज सकाळी घेतलं नाही."

लिहिला. आणि ऐका, हे लिहिता लिहिता रिपोर्ट आला. कॅल्शियम वाढलं आहे. पण तुमच्याइतकं नाही, आणि मूत्रपिंडं अजून ठीक दिसताहेत. दुपारी डॉक्टरबाईंकडे नेते आहे. त्या काय सांगतील ते करू, आणि ते चार वर्षं करत बसणार नाही.

चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे. लॅमिनेशनवर शाई धरत नाही, म्हणून आवरण कापलं आणि कागदावर लाल शाईनं आडवं 'रद्द' लिहिलं. तारीख घातली, सही केली. तुमच्याच पद्धतीनं.

आठ उरल्या. दिलेलं वाण परत मागत नाहीत म्हणतात. मी मागणार आहे. हळदीकुंकवाला आता मला बोलावतात की नाही, कोण जाणे. न बोलावता जाईन. आठही दारांत उभी राहून सांगेन, की माझे यजमान कशानं गेले, आणि दूध मीच ढवळलं होतं. तुमचं हसं होईल. होऊ दे. माझंही होईल. येत्या रविवारच्या आत एकही चिठ्ठी कुणाच्या फ्रिजवर राहणार नाही, हा माझा शब्द.

तुमची,
आणि यापुढे सक्षम अधिकारी,
सुधा