घासलेली जीभ आणि सत्तर किलोंचा ढोलवाला

तीर्थरूप दादांस, धाकट्या काम-चुनचा वाकून नमस्कार.

फोशानची हवा मानवली का, गुडघे काय म्हणतात, वहिनींचा खोकला गेला का, आणि मुख्य म्हणजे तुमची जीभ कशी आहे? हसू नका. सकाळी चूळ भरण्याआधी आरशासमोर उभे राहा, बाहेर काढा आणि बघा, कडेला दातांचे ठसे आहेत का, वर पांढरा थर आहे का. हल्ली मी गावात कुणी भेटलं की आधी जीभ मागतो. खाटकाची पाहिली, मास्तरांची पाहिली. शेजारच्या फोंग काकूंनी तर न मागता दाखवली (पण ती काही तपासायला नव्हती).

या नादाचं मूळ म्हणजे आपली शर्यतीची नाव. यंदाची नवी नाव बावीस जणांची, सडपातळ. ढोलवाला बसतो अगदी नाळेवर, पुढच्या टोकाला, त्यामुळे तो जड असला की नाव पाण्यात नाक खुपसते. म्हणून मंडळानं ठरवलं, ढोलवाला सत्तर किलोंच्या आतला हवा आणि वजन पाचव्या महिन्याच्या प्रतिपदेला होईल. मी भरलो एक्क्याऐंशी. दादा, अठरा वर्षं तो ढोल तुमचा होता आणि बावीस वर्षं माझा. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि मला जेवण न जाणं म्हणजे काय ते तुम्ही जाणता.

आता जुन्या बाजारातले माक वैद्य हाच आधार होता. आपल्या हिउ-लामनं मला मोपेडवर मागे बसवून नेलं. (पोरगी आता शाळेत शिकवते, जेवायला आमच्याकडेच असते. माझ्या वजनानं मोपेडचं पुढचं चाक उचलतं म्हणाली. नात तुमची, जिभेला हाड नाही.) वैद्यांच्या भिंतीवर नऊ प्रकारच्या शरीरांचा तक्ता आहे. कुणाचं थंड, कुणाचं कोरडं, कुणाचं ओलसर आणि चिकट. एकाच ताटात जेवून एक फुगतो आणि दुसरा वाळतो, त्याचं कारण म्हणे इथं आहे. तुम्ही आणि मी एकाच आईच्या हातचं खाऊन वाढलो, तुम्ही बांबू आणि मी भोपळा, हे कोडं मला साठ वर्षं पडलेलं होतं. मी तो तक्ता इतका वेळ वाचत बसलो की माझा नंबर पुढच्या माणसाला गेला.

पण दादा, मी एक घोळ करून ठेवला होता. वैद्य जीभ बघणार हे ठाऊक असल्यानं मी सकाळी ती मीठ लावून खसाखसा घासली. पाहुणे यायचे तर आपण अंगण झाडतोच की. वैद्यांना माझी जीभ दिसली लालबुंद आणि वर थराचा पत्ता नाही. त्यांनी चष्मा पुसला. माझ्या पोटाकडे पाहिलं, पुन्हा जिभेकडे पाहिलं, दोन्ही मनगटांच्या नाड्या बराच वेळ धरल्या आणि म्हणाले, "काम-चुन, जीभ घासून तर नाही ना आलात?" मी म्हटलं, "छे, छे." का म्हटलं? देव जाणे. बावीस वर्षं गावाला ताल दिलेल्या माणसाला लबाडी कबूल करवेना. वैद्यांनी मान हलवली आणि लिहून दिलं की वरून काहीही दिसो, आत शरीर कोरडं पडलंय, त्याला ओलावा हवा. बदकाचं सूप, मधात वाफवलेले पेअर, कमळकंदाची पेज.

असं पथ्य मला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. मी मनोभावे पाळलं. तुमच्या भावजयीनं भुवया उंचावल्या की चिठ्ठी दाखवायची, "मी कुठं म्हणतोय? वैद्य म्हणतायत." पंधरा दिवसांत चौऱ्याऐंशी झालो. शेवटी वैद्यांकडे पुन्हा जायचं त्या सकाळी तिनं मला मीठ आणि जीभ यांच्यासह न्हाणीघरात पकडलं, आणि मग फोंग काकूंनाही ऐकू जाईल असं जे बोलली ते इथं लिहीत नाही. तशीच ओढत मला वैद्यांकडे घेऊन गेली, बिनघासलेला. वैद्यांनी जीभ पाहिली आणि पहिल्यांदाच हसले. पांढरा जाड थर, कडेला दातांचे ठसे. ओलसर, चिकट, कफाचं शरीर, बदकापासून सात कोस दूर ठेवण्यासारखं. "माझ्याशी खोटं बोललात तर माझं काय जातंय," म्हणाले, "बदक तुम्ही खाल्लंत."

मग चार महिने गार बिअर बंद, भाजलेला हंस बंद, संध्याकाळची मिठाई बंद. जुन्या संत्रासालीचा काढा, वाफवलेल्या भाज्या, आणि पहाटे तळ्याच्या बांधावरून तासभर चालणं. पहिले आठ दिवस मी वैद्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पुढे गंमत वाटू लागली. रोज आरशात जीभ बघायची, थर कालच्यापेक्षा पातळ झाला का, ठसे बुजले का. आपल्याच तोंडात एवढी बातमी रोज छापून येते आणि आपण कधी वाचतच नाही.

एकदा चालताना तळ्यावरून ठेका ऐकू आला. पोरं सरावाला उतरली होती, आणि मी चालण्यात गुंतल्यामुळे ढोलवाला नव्हता. लिचीच्या झाडाआडून पाहिलं तर आपली हिउ-लाम बांधावर उकिडवी बसून दोन भातवाढण्यांनी पालथी बादली बडवत होती. वळणावर मी दर वर्षी घाई करतो (तुम्ही दर वर्षी सांगता). ती तिथं अर्धा श्वास थांबली. नाव सुरीसारखी वळली. मी झाडामागे उभा राहिलो आणि त्या दिवशी चालायचं राहून गेलं. नंतरही चार-पाच दिवस चालणं तिथंच थांबायचं.

काल वजन झालं. सगळं गाव जमलं होतं. मी मासेमारीचं जाकीट घालून काट्यावर चढलो. मंडळाचा प्रमुख म्हणाला, "काका, एवढ्या उकाड्यात जाकीट?" मी म्हटलं, "वैद्यांनी छाती जपायला सांगितलंय." चौऱ्याहत्तर भरलो. लोक हळहळले, फोंग काकूसुद्धा. तुमची भावजय मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती. असं सगळं झालं. बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार.

तुमचा
काम-चुन

ता.क. ढोलाला आता माणूस हवा आणि पंचमीच्या शर्यतीला तीनच दिवस आहेत. हिउ-लाम सत्तेचाळीस किलोंची आहे. बाईमाणसाचा पाय नावेला लागू द्यायचा नाही, हा गावचा नियम मला पाठ आहे, तो जपणारे घराण्यात थोरले तुम्ही आहात हेही ठाऊक आहे. मंडळ म्हणतं, तुम्ही, काम-तोंग काका, हो म्हणालात तर कुणी ब्र काढणार नाही. तेव्हा पत्र हाती पडलं की लगेच प्रमुखाला फोन करा. हो म्हणायच्या आधी हवं तर तिला फोनवर बादली वाजवायला सांगा. फक्त वळण ऐका.

ता.क. २. तुम्ही विचारणारच, म्हणून लिहितो. जाकिटाच्या खिशांत जाळ्याला बांधायचे शिशाचे गोळे होते, साडेचार किलो. घरच्या काट्यावर मी साडेएकोणसत्तर भरतो. वजन झाल्यावर वैद्य भेटले, जीभ पाहिली, थर कुठंच नाही. या वेळी घासली नव्हती. त्यांनी खिशांकडे पाहिलं आणि चष्मा पुसला. हे पत्र वाचून जाळून टाका. पोरगी तुमची नात आहे, तिला कळलं तर ती ढोलाला हात लावायची नाही.