नऊपैकी माझं एक मत

नागपूर, ११ फेब्रुवारी १९७४

तीर्थस्वरूप बाबाराव मामांना प्रेमिलाचा नमस्कार, मामींनाही सांगावा. तुमचा गुडघा कसा आहे? (इकडे आम्ही सर्व ठीक आहोत, असं पुढे लिहायची पद्धत आहे, पण मी ठीक नाही.) शाळेत जायच्या आधी अक्षरं तुम्हीच गिरवून घेतलीत, आणि साक्ष देताना सख्ख्या मावशीचीही भीड धरू नये हेही तुम्हीच शिकवलंत, म्हणून हे तुम्हालाच लिहिते.

आमच्या पेपरात मी मुलांचं पान पाहते, हे तुम्हाला ठाऊक आहे. शहरातले नऊ पत्रकार दरवर्षी गुप्त मतदानानं उत्तम फुटबॉलपटू निवडतात. यंदा आमचे वामनराव कावीळ होऊन पडले आणि त्यांची मतपत्रिका संपादक भैयाजींनी माझ्या टेबलावर ठेवली, कारण मी कोणत्याच क्लबची नाही. तिच्यावर दोन नावं होती. एक गोलरक्षक ताराचंद. दुसरे नंदनवन क्लबचे मधुकरराव, म्हणजे तुम्हीच माझ्यासाठी आणलेलं स्थळ. मी भैयाजींकडे गेले आणि हे गृहस्थ माझे नातेवाईक होण्याचा संभव आहे असं सांगितलं. ते म्हणाले, "होनार आहे, झाला तर नाही न? टाक मग."

मग मी वही घेऊन तीन सामने पाहिले. (ऑफसाइड म्हणजे काय ते शेजारच्या पानवाल्यानं दोनदा समजावलं, तरी समजलं नाही, तसं वहीत नोंदवलं आहे.) मधुकररावांनी चार गोल केले आणि अकरा वेळा कोपर मारलं. ताराचंदनं कोणालाच काही मारलं नाही. मधुकररावांना मत दिलं तर पक्षपात, आणि पक्षपात दिसेल म्हणून न दिलं तर तोही पक्षपातच, या विचारात दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी वही उघडली आणि ताराचंदपुढे खूण केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'दुसरे कोपर मारतात.'

निकाल पाच विरुद्ध चार लागला. ताराचंद जिंकला आणि मतदारांची कारणं, नावं गाळून, पेपरात छापून आली.

काल मधुकररावांच्या आई, रुखमाबाई, तो पेपर घेऊन आमच्याकडे आल्या. चहाला हातही लावला नाही. "माह्या पोरानं मुंगीले धक्का नाही देल्ला कधी. तू पेपरात असतं न वं? कोनं लिवलं ते काढ अन् मले सांग." मी म्हटलं, मला माहीत आहे पण सांगता येत नाही. त्यावर त्या खूश झाल्या, पोरगी पोटात गोष्ट ठेवते म्हणाल्या, आणि साखरपुड्याची तारीख विचारून गेल्या.

तुमची आज्ञाधारक,
प्रेमिला

ता. क. तारीख ठरण्याआधी उमरेडहून एकदा याच, आणि ते मत माझं होतं हे मधुकररावांना एकट्यांना गाठून सांगा. सांगितल्याशिवाय मला हो म्हणता येणार नाही. नकार आला तर माझ्या आईला तुम्हीच समजवा.

ता. क. २ त्यांचा चौथा गोल अर्ध्या मैदानावरून, तिघांना चुकवून झाला. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या, वही चिखलात पडली. रकाना लहान होता, मावलं नाही. हेही त्यांना सांगा. मात्र हे मी सांगितलं असं सांगू नका.