मुकादमाची गोळी

सोमवार, ३ तारीख
मांजराला गोळी गिळायला कशी लावायची? खरं सांगते, मला माहीत नाही. पण घरातली पहिली पदवीधर मी. शिकेन. आमच्या बोक्याला, मुकादमाला, मधुमेह निघालाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज एक गोळी, जेवण सोडलं तर लगेच फोन करा. पंधरा दिवसांत साखर उतरली नाही, तर इन्सुलिन टोचावं लागेल. मुक्या जिवाला टोचणं मला तत्त्वतः मान्य नाही. मला सुईची भीती वाटते, त्याचा याच्याशी संबंध नाही.

मंगळवार, ४. सकाळी ७
भिंतीवर गोळ्यांचा तक्ता लावला. गोळी माशाच्या तुकड्यात दडवली. खाल्ली! तोंड चाटत शिलाई मशीनखाली जाऊन बसला. आई म्हणाली, "एवढ्या गुणाचा कधीपासून झाला हा?" आईचा विज्ञानावर विश्वास नाही.

शुक्रवार, ७
वाडगेच्या वाडगे पाणी पितोय. उकाडा असेल. पंखा लावला.

मंगळवार, ११
थकले. मला दिवसाला बिस्किटांचा एक पुडा लागतो. पण मुकादम तीनशे ग्रॅम वाढला! त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि माझं वजन वजा करायचं. हाताला बरगड्या लागतात, पण आकडा खोटं बोलत नाही. आई म्हणाली, "अगं, स्वतःचं वजन परत केलंस का?" कशाला? ते कॉलेजपासून तेवढंच आहे.

रविवार, १६
आईने झाडायला मशीन सरकवलं. खाली गोळ्या. चाटून स्वच्छ केलेल्या. मोजल्या. तेरा. एकही कमी नाही.
मग एकटीच काट्यावर उभी राहिले. मी अर्धा किलो वाढलेय. म्हणजे मुकादम दोनशे ग्रॅम उतरलाय.
आईने गोळ्या केरात भरल्या.

सोमवार, १७
दवाखाना. साखर आणखी चढलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता गोळीच्या नादात वेळ घालवायला नको. मी विचारलं, याच्यावर एखादं पुस्तक आहे का? आई म्हणाली, "पुस्तक राहू दे गं. बाई, कुठे टोचायचं तेवढं दाखवा. तीस वर्षं सुईच धरतेय मी."

मंगळवार, १८. सकाळी ८
पहिलं इन्सुलिन दिलं. म्हणजे आईने दिलं. किती युनिट ते मी वाचून सांगितलं. मुकादमाने ताटलीतून मान वर केली नाही. त्याला मी धरलं होतं, डोळे मिटून.
तक्ता मीच उतरवला. मागची बाजू कोरी होती. आईने त्यावर बाहीचा नमुना कापलाय.