खड्डा बुजवू देऊ नकोस

सुविधा,

काल तुझ्या बाबांनी परसात नाक धरून "काय व्याही, फेणीची भट्टी लावलीत काय?" असं विचारलं, तेव्हा मी नुसता हसलो. तो वास खतखड्ड्यातल्या काजूबोंडांच्या चोथ्याचा होता. वर सुका पाला घालायला मीच विसरलो.

सासऱ्यांसमोर लाज वाटली म्हणून रुद्रेशने खड्डा बुजवायला आज दहाला गडी बोलावला आहे. बुजवू देऊ नकोस. खाणीजवळच्या या लाल मातीत मिरचीही धरत नव्हती. यंदा तू माहेरी पाठवलेली वांगी याच खतावरची.

मी पाला आणायला गेलो आहे. गडी आधी आला तर त्याला चहा दे, फावडं देऊ नकोस. रुद्रेशला मी समोर बसून सांगेन, चिठ्ठीतून नाही.

अप्पा